खोबरेल आणि खारं पाणी

सोमवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. माझा नवरा गेला होता. मुलगी वरच्या खोलीत ऑनलाइन वर्गात होती. वर्ग संपेपर्यंत मी जिन्यात बसून राहिले.

कॅनरी बेटांची सहल त्यानेच ठरवली होती. कॅटामरान म्हणजे जोडबोटीने एका ज्वालामुखीच्या बेटापर्यंत जायचं, तिथल्या संरक्षित पाण्यात तोंडात नळी धरून स्नॉर्कलिंग करायचं आणि दुपारपर्यंत परत. मुलीबरोबर पाण्यात तो उतरणार होता. मला पोहता येत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये सहल पुढे गेली, आणि तो गेल्यावर पुढच्या वर्षी बोटवाल्यांचं पत्र आलं: नवी तारीख कळवा, बारा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस पाण्यात हवंच. मुलीने ते वाचलं, "इट्स ओके, आई," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. तिचं ते ओके मला चालणार नव्हतं. मी तारीख कळवली.

आम्ही राहतो त्या रायस्वाइक या डच गावातला तरणतलाव पुन्हा उघडला तसं मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. इथे कपडे-बूट घालूनही पोहायला लावतात, कारण घराबाहेर पडलं की कालवा. मी सगळं पुस्तकातून शिकणारी. श्वास कसा सोडावा हे तीनदा वाचून गेले आणि पहिल्या दिवशी अर्धा तलाव प्याले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, डोक्यावर तांब्या ओतला तरी दम लागायचा तुला. आणि आता समुद्र?"

"हो," मी म्हटलं.

ऑक्टोबरच्या सुट्टीत गेलो. खाऱ्या पाण्याने केसांचा काथ्या होतो, म्हणून निघताना डोक्याला भरपूर खोबरेल चोपडलं. काळं, उघडं बेट जवळ आलं, बोट थांबली. तोंडावरचा कापडी मास्क काढून पाण्यातला चढवला, तर पट्टा घसरून मानेवर आला. गाइडने माझ्या केसांकडे पाहिलं. "तेल? या संरक्षित पाण्यात साधं क्रीमही चालत नाही. असं उतरता येणार नाही."

शिडीपाशी उभी असलेली मुलगी पायातले रबरी फिन्स काढायला लागली.

"राहू दे ते," मी म्हटलं. "साबण कुठे आहे विचार."

बोटीच्या संडासातल्या एवढ्याशा बेसिनमध्ये डोकं घातलं. मुलगी बाटलीने पाणी ओतत होती.

"आई, तू भजी आहेस. तळलेली."

"गप. ओत."

तीनदा धुतल्यावर गाइडने केस चिमटीत धरून पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.

पाणी थंड होतं. छाती आवळली. शिडी सोडायला मला वेळ लागला, पण सोडली. तोंड पाण्यात घातलं, हळूहळू श्वास सोडला. खाली काळ्या दगडांवरून चंदेरी मासे एकदम वळले. मुलगी पुढे निघाली आणि मी तिच्या मागे गेले.

आता घरात आम्ही दोघी आहोत. ती पोहते तेव्हा मी पाण्यात असते.