टेकडीवरच्या नळाचं पाणी

सिद्धलिंग भित्रा होता, हे त्याला ओळखणारं कुणीबी सांगेल. लातूरकडच्या एका गावात नगरपालिकेचा चावीवाला, म्हणजे नळाला पाणी सोडणारा. चौदा वर्षं रोजंदारीवर. साहेबाची जीप दिसली तरी गडी भिंतीआड व्हायचा. आता कुठं कायम होणाऱ्यांच्या यादीत नाव आलं होतं. अशा वेळी माणसानं तोंड शिवून बसावं की न्हाई?

तेवढ्यात वरून हुकूम आला: बंगलेवाल्यांची कॉलनी असो की टेकडीवरची झोपडपट्टी, दर आठ दिवसांनी सगळ्यांना सारखे दोन तास पाणी. बोर्ड लागला, फोटो निघाले. सिद्धलिंग घड्याळ बघून चावी फिरवायचा आणि वहीत वेळ लिहायचा. वही कशी झकास! पण खालची कॉलनी त्याच दोन तासांत मोटारी लावून पाणी ओढायची, आणि टेकडीवरच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची.

"तुज्या वहीतलं पाणी पिऊ का रं, लेकरा?" वस्तीतली म्हातारी कस्तुराबाई त्याला म्हणाली. त्याला तोंड कुठं लपवावं कळेना.

तपासणीच्या दिवशी टेकडीवरच्या नळापाशी सुपरवायझर हरिओमनं त्याला बाजूला घेतलं. "मॅडमनी विचारलं की व्हय म्हणायचं. यादीवर सही माझी हाय, ध्यानात ठेव."

नव्या अधिकारी मॅडमनी वही चाळली. "छान! सगळ्यांना सारखं मिळतंय ना?"

त्यानं मनातच हात जोडले. महादेवा, वाचीव रे बाबा! समोर कस्तुराबाई रिकामी घागर घेऊन उभी. हरिओम डोळे वटारून.

"येळ सारखा हाय, मॅडम," तो चाचरत बोलला, "पाणी न्हाई. खालची चावी बंद ठेवून आधी वर सोडलं, तरच पाणी वर चढतंय."

मॅडमनी तिथंच हुकूम लिहिला: आधी टेकडी, मग कॉलनी. त्या जीपकडं वळल्या तसा हरिओम त्याच्या कानाशी आला. "यादीतलं नाव गेलं समज."

पुढच्या पाळीला सिद्धलिंगनं खालची चावी बंद ठेवून वरची फिरवली आणि टेकडी चढला. वरचा नळ खोकला, गढूळ आलं, मग सरळ धार लागली. बायकांनी एकच गिल्ला केला. कस्तुराबाईनं पहिला तांब्या त्याच्यापुढं धरला. दोन घोट पिला, आणि त्याला रडूच फुटलं.

"आनंद झाला व्हय रं?"

"भ्या वाटतंय, मावशी," तो म्हणाला. "नाव गेल्याचं घरी अजून सांगितलं न्हाई."