मेंडोसिनोची भट्टी आणि नीलूची बरणी

मेंडोसिनोला आम्ही समुद्र बघायला नाही, भांडायला गेलो होतो. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमची नीलू कॉलेजच्या सुट्टीत तिथल्या एका फ्रेंच बाईंकडे मातीकाम शिकायला गेली आणि परत यायचं नाव घेईना. मार्गरीतबाईंची उमेदीची सगळी वर्षं फ्रान्समध्ये स्टोनवेअर घडवण्यात गेलेली. आपल्या लोणच्याच्या बरण्या असतात ना, त्याच जातीची दगडासारखी पक्की भांडी. कॅलिफोर्नियातलं शिकवणं संपवून बाई आता मायदेशी निघाल्या होत्या. नीलूची मोठी बरणी भट्टीतून धड निघाली, तर तिलाही सोबत नेणार होत्या.

"इंजिनिअरिंग सोडून बरण्या? तेही फ्रान्सला?" असं म्हणत ह्यांनी गाडी काढली.

आमच्या फ्रीमाँटहून सकाळी लवकर निघा, दुपारच्या जेवणाला पोचता. १०१ हायवे सोडून १२८ ला लागलात की वळणंच वळणं, तेव्हा आलेपाक जवळ ठेवा. आम्ही रेडवुडच्या उंच झाडांच्या गार सावलीत थांबून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. हे एरवी चार दशम्या खातात, त्या दिवशी दीडच. मोटेल स्वस्तातलं होतं, पण खिडकीतून समुद्र दिसायचा. भाडं त्यातच वसूल झालं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. करडी, तपकिरी, मधाच्या रंगाची भांडी गवतावर मांडली गेली. मी तर हरखूनच गेले. आणि ह्यांनी काय करावं? पुण्यात माठ घेताना करतात तसं एकेका भांड्यावर टिचकी मारून कान लावायला सुरुवात केली!

"बाबा, प्लीज! स्टॉप इट! एव्हरीवन इज लुकिंग!" नीलू लाल झाली.

मार्गरीतबाई येताना दिसल्या आणि मला वाटलं, आता आमची शोभा होणार. त्या हसल्या आणि स्वतःच शेजारच्या भांड्याला टिचकी मारली. मग दोघं रांगेनं वाजवत निघाले. सगळी भांडी खणखणीत बोलली. नीलूची बरणी मात्र बद्द वाजली. तळाशी केसाएवढी चीर गेली होती.

नीलू नुसती बरणीवरून हात फिरवत राहिली. मला रडू आलं. हे जिंकले होते, आता मुकाट्यानं गाडीत बसायचं. तेवढ्यात हेच बाईंना म्हणाले, "मॅडम, वन जार? एका बरणीवर काय ठरवता? गिव्ह हर अनदर चान्स. हात बघा तिचा, बरणीची भिंत किती सारखी आलीय!" अर्धं मराठीतच. बाईंना अर्थ कळला असावा, कारण त्या म्हणाल्या, "माझ्या गुरूंनी माझी पहिली बरणी फोडून टाकली होती. हिची निदान उभी तरी आहे. येऊ दे तिला."

नीलूनं सगळ्यांसमोर बाबांना मिठी मारली. ह्यांच्या शर्टवर तिचे मातीचे हात उमटले.

परत आल्यावर घरी मी चिरलेल्या बरणीत सुक्या मिरच्या भरल्या. लोणचं काही तिच्या नशिबी नव्हतं. आज इतक्या वर्षांनी त्या प्रवासातलं समुद्राचं रूप मला नीट आठवत नाही. आठवतात ते डायनिंग टेबलवर फ्रान्सचा नकाशा पसरून, चष्मा कपाळावर चढवून बाईंचं गाव शोधणारे हे.

"सापडत नाहीये गं," ते शेवटी म्हणाले. "एवढंसं गाव. तिथे तूरडाळ मिळेल का तिला?"