नर्सबाईची सुई

सन १९७६. मी सव्वीस वर्षांचा, शिक्षण दुसरीपर्यंत. निजामाबादकडं उसाच्या कामाला जायचो, तिथंच सोयरीक जमली. बायको तेलुगू बोलणारी. वर्ष झालं तरी मराठी तोडकंमोडकंच. तिची भाषा घरात मला एकट्याला समजायची.

त्या साली नसबंदीची जीप गावोगाव फिरायची. आवाज आला की बाप्ये रानात पळायचे. बायको पोटुशी होती. एक दिवस चुडाव्याची नर्सबाई पायीच आली, ओसरीवर टेकली. म्हणाली, "धनुर्वाताची सुई हाय. लेकराच्याच भल्याची."

माय म्हणाली, "तुमची सुई ठाऊक हाय आमाला. कूस बंद करायला आलाव तुमी."

तेवढ्यात बायको आतून आली. दंडावरचा पदर सारून सासूला, तिच्या बोलीतल्या 'अत्ता'ला, म्हणाली, "सुई पाहिजे, अत्ता. माझी अक्का... तिचा बाळ... सुई न्हाई, मेला."

"बघा! पोटात लेकरू आन् मरणाचं बोलायलीय," माय कडाडली. "तिकडचं तिकडं ठेव. हितं चालायचं न्हाई."

मी बायकोचं मनगट धरलं आन् उभ्या ज्वारीत नेऊन बसवलं. बाई शिवेबाहेर जाईस्तोवर मी बांधावर उभा. बायको ज्वारीतून तिच्या भाषेत अक्काच्या लेकराचं सांगत राहिली. मला सगळं समजत होतं. पण घरात शब्द मायचा चालायचा.

दिवाळीनंतर मुलगा झाला. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली, वर गोवरीची राख दाबली. पाचवी पुजली. मग लेकरानं अंगावर प्यायचं सोडलं. जबडा बसला, अंग कमानीसारखं ताणलं. माय म्हणे, सटवी लागली. अंगारा झाला, देवऋषी झाला. दिवस मावळताना लेकरू गेलं.

तेव्हा बायको माझ्याकडं बघून चांगल्या मराठीत एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं."

मी रडलो न्हाई. सुईला सगळं गावच भीत होतं, मी एकटा न्हाई. हे मी आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत चुडाव्याला गेलो. नर्सबाई दारात मिश्री लावत होती.

"बाई, ती सुई द्या," मी म्हणालो.

"आता आलाव व्हय? अजून बाळंत झाली न्हाई का ती?"

बाई तोंड धुवायला आत गेली. मी पायरीवर बसलो, आन् ती बाहेर यायच्या आत उठून घरची वाट धरली.