जात्याचा खुंटा आणि आईचं कोपर

मी फिजिओथेरपी शिकले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी विचारायच्या आत सांगते. काकू मात्र गल्लीभर म्हणायची, "कालेजात जाऊन पोरगी मालिश शिकून आली वं!"

भावाचं लग्न ठरलं तेव्हा आईच्या कोपराचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. हाड जुळलं होतं, पण हात वाकलेलाच. आमच्याकडे नवरदेवाची आई आणि काकू जात्यावर समोरासमोर बसून हळद दळतात. ती जागा दुसऱ्या कुणी घ्यावी, हे आईला सोसणार नव्हतं.

एकदा बालाघाटच्या दवाखान्यातलं काम संपवून घरी आले, तर ती अंगणात त्याच हातात भरलेली बाल्टी लटकवून उभी.

"हे काहून वं माय?"

"तुह्या काकूनं सांगतलं. वजनानं हात सरळ होते म्हणे."

मी बाल्टी काढून घेतली. दंडाला हात लावला तर पुढचा स्नायू दगड झालेला. कोपर सरळ करायचं काम मागच्या स्नायूचं, आणि तेव्हा पुढच्यानं सैल सुटायचं असतं. आईचा पुढचा भीतीनं सुटतच नव्हता. पुस्तकी शब्दांत सांगितलं तर तिनं नुसती मान हलवली, म्हणजे काही कळलं नव्हतं. मग तिला जात्यापाशी नेलं.

"दोघी एकदमच आपापल्याकडे ओढल्या तर?"

"खुंटा हालत नाही."

"तेच होऊन राह्यलं तुह्या हातात."

"हौ का?" ती हसली. म्हणाली, "मंग दोघींचं भांडण मिटव."

त्यानंतर रोज आम्ही रिकामं जातं घेऊन बसायचो. मी खुंटा अलगद माझ्याकडे घ्यायची, ती सोडायची. घाबरली की दंड ताठ व्हायचा, मी थांबायची. कोपर हळूहळू उघडत गेलं.

हळदीच्या दिवशी काकूनं बसल्या बसल्या जोर लावला. आई कडाडली, "अवं, सारं तूच ओढशीन का? तू ओढली का मी सोडतो, मी ओढली का तू सोड. माह्या पोरीनं शिकवलं हाय."

हात थोडा वाकडाच होता, तरी जात्याच्या पाळीभोवती पिवळी हळद सांडू लागली. काकूनं घाम पुसताना कपाळ पिवळं करून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मालिशवाले, पाहुणे गेले का माहा गुडघा पाह्य."