माळवद गळलं अन् देव पावला

हसायचं न्हाई, असं आधी कबूल करा, तरच सांगतो. आणि हातातला चहा खाली ठेवा, सांडंल.

आमचं सोनपेठचं घर माळवदाचं. म्हणजे वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत कसं गारेगार! पण त्याचं एक पथ्य असतंय. दरसाल मिरगाच्या आधी वर गाडीभर पांढरी माती टाकून, पाणी मारून, धोपटून घ्यावी लागते.

माझे वडील हे इमानदारीनं करायचे. मी पडलो कापडदुकानदार, डोकं लय चालतंय! म्हणलं, दरसाल माती, दरसाल गड्यांची मजुरी, कामून? एक साल न्हाई टाकली. काय झालं न्हाई. दुसऱ्या सालीही न्हाई टाकली, तरी घर जाग्यावर. मला वाटलं, वडील बिचारे जन्मभर नाहक खर्च करत राहिले.

तिसऱ्या साली आमच्या सुमनला दिवस गेले. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी तुम्हाला सांगावं? सुमनची आई चैत्रापासून माझ्या मागं.

"अवं, माळवदाचं बगा. लेकरू यायलंय ह्या घरात."

"लोखंडासारखं हाय माळवद."

"लोखंडावर गवत उगवलंय."

"अगं, गवतानं माती धरून राहती!"

काय पण अक्कल! त्या गवतात आमच्या शेजाऱ्याची शेळी दिवसभर चरायची आणि मी तिला हाकलतही न्हवतो.

श्रावणात झड लागली. पहिल्याच सोमवारी शेजारच्या काशीकाकू विरजण मागायला आल्या आणि आमच्या देवघरापुढं थबकल्या.

"आण्णा! आवो आण्णा! हे बगा तरी!"

छतातून एक थेंब पडला. टप्! महादेवाच्या पिंडीवर, बरोब्बर मधोमध. परत टप्!

आता सरळ माणूस काय म्हणला असता? "गळायलंय, काकू." संपला विषय! पण माझ्या मागं सुमनची आई उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिच्यापुढं 'गळायलंय' म्हणायचं? मी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणलं, "त्याची इच्छा, काकू. आपण कोण?"

हितंच मी माती खाल्ली.

काकू ओरडतच गल्लीत. "देव सोता अभिषेक करून घ्यायलाय! आण्णाच्या घरी!" तासाभरात घरात पाय ठेवायला जागा न्हाई. बेल काय, नारळ काय! एक म्हातारी तर दुसऱ्या गावाहून एसटीनं आली. सुमनची आई येईल त्याला चहा करून करून बेजार. बरं, पाऊस उघडला तरी थेंब चालूच. मातीत मुरलेलं पाणी ते, झिरपणारच की! पण लोक काय म्हणले? "भाईर ऊन अन् आत अभिषेक! आता तरी पटलं का?"

दुसऱ्या दिवशी मला जरा भ्या वाटलं. मातीची टोपली डोक्यावर घेऊन शिडी चढायला लागलो, तर खालून काकू.

"काय करायलाव, आण्णा?"

"जरा माती टाकावं म्हणलं..."

"देवाची धार बुजवताव? लेक दोन जिवाची हाय अन् तुमाला ही बुद्दी?"

पाच-सहा बायका कडं करून उभ्या राहिल्या. मी उतरलो. टोपलीही उतरली.

"खरं काय ते सांगून टाका लोकांला," सुमनची आई म्हणाली. "गोकुळाष्टमी झाली की पोरीला आणायचंय. तिची खोली बी त्याच तुळईखाली हाय."

"सांगतो की. एवढा सोमवार जाऊ दे."

खरं सांगू का? मला गोड लागायला लागलं होतं. ज्यांनी कधी राम राम केला न्हाई ते दुकानात येऊन माझ्या पाया पडायचे. एवढी इज्जत माझ्या सात पिढ्यांनी पाहिली नसंल.

आणि मग सोमवारपर्यंत कडक ऊन पडलं. भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन आली, घर गच्च भरलं, सगळ्यांच्या माना वर. थेंब न्हाई! भजन झालं, आरती झाली, थेंब न्हाई!

"देव रुसला," काकू म्हणल्या. आणि सुमनच्या आईकडं बघून हळूच विचारलं, "घरात काय चुकलंमाकलं का गं?"

ते मला सहन झालं न्हाई. चूक माझी आणि बोल तिला! एखादा भला माणूस तिथंच उभा राहून खरं बोलला असता. मी काय केलं? मागच्या दारानं निघालो आणि पाण्याची बादली घेऊन माळवदावर गेलो.

होय! ज्या माळवदावर तीन साल मूठभर माती टाकली न्हाई, त्याच्यावर मी माझ्या हातानं पाणी ओतलं! खालून आरोळी आली, "आली! धार आली!" मला चेव चढला. दुसरी बादली आणली. तिसरी आणली.

कडाड्!

माझा डावा पाय मांडीपर्यंत घरात. मी वर, पाय खाली, बादली गडगडत अंगणात. टाळ बंद. अन् त्या शांततेत काकूंचा आवाज, "पाऊल! देवाचं पाऊल!" कोणीतरी चौरंगावर चढून माझ्या अंगठ्याला कुंकू लावलं. मला गुदगुल्या व्हायला लागल्या, पण हसावं कसं?

मग सुमनची आई शांतपणे म्हणाली, "काकू, सरका. त्यो पाय मी रोज बगते."

मला दोरानं ओढून काढलं. कोणाला लागलं न्हाई, ही खरी त्याची कृपा. पण संध्याकाळपर्यंत कुजलेली तुळई बसली आणि दोन्ही खोल्यांत मातीचा ढीग. भर पावसाळ्यात नवं माळवद कोण करून देणार? नवी तुळई, फळ्या, वर पत्रे, अन् हे सगळं होईस्तोवर पोरीला आणायचं कुठं? वाचवलेल्या तीन गाड्या मातीपायी दुभती म्हैस विकली. तिचं दूध बाळंतिणीसाठी राखलेलं होतं.

तेही जाऊ द्या. सुमनच्या आईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन ठेवली होती. तिनं त्यांचं गाठोडं बांधलं आणि माझ्या हातात दिलं, गंगाखेडला पोरीच्या सासरी पोचवायला. भांडली असती तर बरं झालं असतं. एसटीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो आणि मला रडू फुटलं. व्याही म्हणाले, "हितंच होऊ द्या बाळंतपण, काय फरक पडतो?" फरक पडतो हो. आईच्या घरी लेकीला नुसतं झोपून राहता येतंय.

नातू झाला. बारशाला आम्ही दोघं गेलो. आमच्या चमत्काराची खबर गंगाखेडला कवाच पोचली होती, बादलीची मात्र कुणी पोचवली नव्हती. विहीणबाईंनी बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि भक्तिभावानं हात जोडले.

"तुमच्या घरी म्हणं देव सोता आले व्हते. लय नशीबवान तुमी! मग गेले कुठं?"

मी बाळाचं टोपडं सारखं करत बसलो.

सुमनची आई पाळण्यात दुपटं अंथरत होती. मान वर न करता म्हणाली, "राहतील कसे? गळकं घर हाय म्हणून गेले."