व्हीपीएनने बॅटरी संपवली आणि पीपी नंबर वाजला

आज दुपारी शेजारच्या हंसाकाकी धापा टाकत दारात. "जल्दी आ, तेरी मम्मी का फोन है!"

त्यांच्या लँडलाइनवर गावाहून, मुर्ध्याहून, आई रडवेली झाली होती. "अगं, बरी आहेस ना? मोबाइल बंद लागतोय!"

सकाळी ऑफिसच्या मेलसाठी मोबाइलवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं ॲप, चालू केलं आणि बंद करायलाच विसरले. त्याने दुपारपर्यंत बॅटरी खाऊन टाकली. आता मेल बघून झाला की व्हीपीएन लगेच बंद करणार.

लहानपणी याच घरात आमच्याकडे फोन नव्हता. काकींचाच नंबर आमचा पीपी नंबर होता, म्हणजे आम्हाला बोलावण्यासाठी सगळ्यांना दिलेला शेजारचा नंबर. तेव्हाही त्या अशाच धावत यायच्या.

आईला माझा मोबाइल नंबर पाठ नाही. काकींचा अजून आहे.

तुमचा मोबाइल बंद पडला, तर कोणाचं दार वाजेल?