नाटकात नसलेल्या मुलीचं पोस्टर

ते पोस्टर आठवलं की आजही माझं डोकं तापतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेरूळला नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना खेटून जुनं गाव होतं. मी तिथे फौजदार होतो.

एका सकाळी गावातले एक गृहस्थ ठाण्यात आले. पूर्वी भातशेती करायचे, जमीन गेल्यावर कारखान्यात लागले होते. हातात भिंतीवरून ओरबाडून काढलेलं नाटकाचं पोस्टर होतं. सगळं एकाच लाल शाईत छापलेलं. 'फक्त प्रौढांसाठी' अशी ठसठशीत अक्षरं, खाली एक चावट ओळ आणि मधोमध त्यांच्याच मुलीचा उभा फोटो. मुलगी गावच्या बालवाडीत शिकवायची. नाटकाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तिचं लग्न जासई गावच्या मुलाशी ठरलं होतं. पोस्टर जासईतही लागलं आणि मुलाकडच्यांनी निरोप धाडून लग्न मोडलं.

"सायेब, मना दुसरं कायच नको," ते म्हणाले. "माझी पोर त्या भिंतीवरशी उतरवा."

मी तक्रार नोंदवली आणि शिपायांना पोस्टरं काढायला पाठवलं. त्याच दुपारी गावातले एक वजनदार कंत्राटदार चार माणसं घेऊन आले. असल्या नाटकांवर बंदी घाला म्हणाले, गावच्या अब्रूवर बराच वेळ बोलले. जाताना मला बाजूला घेऊन खबर दिली, की मुलगी लपूनछपून तालमीला जाते आणि फोटो तिनेच दिलाय.

खबर आली की तपासावी लागते. नाटक वाशीत होणार होतं. त्याच्या व्यवस्थापकाला बोलावलं. त्याने खरं पोस्टर टेबलावर पसरलं. त्यावर त्यांच्या नटीचा फोटो होता. मुलीचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या पोस्टरची नक्कल करून फक्त फोटो बदलला होता.

मग मी मुलीच्या घरी गेलो. ती सरळ समोर येऊन बसली. फोटो स्टुडिओत काढलेला, स्थळांना दाखवण्यासाठी. तिच्याकडची रंगीत प्रत तिने मला दिली; त्यात ती निळ्या साडीत होती. बाकीच्या प्रती तिच्या मावशीने घरोघर फिरवल्या होत्या. कुणाकडे राहिली, ते मावशीला सांगता येईना.

कंत्राटदार पुन्हा आले, तपास कुठवर आला विचारायला. मी चहा मागवला आणि त्यांना बोलू दिलं. मोठ्या तावातावाने बोलत होते.

"निळी साडी नेसून असं उभं रायचं, ही काय आपल्या गावची रीत हाय?"

मी पोस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. यात निळं कुठे दिसतं, एवढंच विचारलं. त्यांनी पोस्टरकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. आधी म्हणाले, लोकांकडून ऐकलं. कोणाकडून, त्याचं नाव सांगता येईना. मग वरच्या साहेबांच्या ओळखी काढल्या. मी जागचा हललो नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी छापखान्याचा पत्ता दिला. तिथे फोटोचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा मिळाला, पंचनामा झाला. छापखानेवाल्याने त्यांना ओळखलं.

कारण काय, तर या मुलीने त्यांच्या पुतण्याला नकार दिला होता, आणि मावशीने दाखवलेला फोटो त्यांच्याच घरी राहिला होता. त्यांच्या घरातल्या मुलाला एक बालवाडीवाली नाही म्हणते, हे त्यांना सोसलं नाही. "जरा चेष्टा व्हावी, एवढंच मनात होतं," असं ते मला म्हणाले. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, बाप चार दिवसांत वाकला होता, आणि हा माणूस चेष्टा म्हणत होता.

कलम जामीनपात्र होतं. ते घरी गेले, आणि दिवाळीत गावच्या कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर बसले. मी बंदोबस्ताला खाली उभा होतो.

खरं बाहेर आल्यावर जासईची मंडळी लग्न पुन्हा जुळवायला आली. मुलीच्या वडिलांनी मलाही बोलावलं होतं. ते होकाराला तयार होते, पण मुलगी बाहेर आली.

"पोस्टर लागलं तवा मला विचारायला एकजन आला नाय," ती म्हणाली. "आता मी त्या घरात नाय जानार."

पुढे असल्या बदनामीच्या प्रकरणात अब्रूच्या नावाने सर्वांत मोठा आवाज करणाऱ्यावर मी आधी नजर ठेवू लागलो. तेवढं पोलिसाच्या हातात असतं. पण ते पोस्टर गावातल्या शेकडो लोकांनी वाचलं होतं, ते त्यावर हसले होते. त्यांच्यासाठी माझ्याकडे कलम नव्हतं, आणि त्यांच्यापैकी कुणीही तिच्या दारात माफी मागायला गेलं नाही.